पावाचे वेगळे पैसे

लिस्बनमध्ये मी आयुष्यातलं सर्वांत महाग जेवण जेवले आणि रात्री साडेअकराला खोलीवर येऊन पातेल्यात मूठभर तांदूळ शिजायला टाकले. भात होईपर्यंत ओट्याशी उभी राहून लोणच्याच्या बाटलीत बोट घालून चाटत होते. पर्समध्ये 112 युरोंचं बिल होतं. रुपयांत मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. दहा हजारांना थोडे कमी.

2023चा ऑक्टोबर होता. अनुवादकांसाठीच्या एका निवासात मला महिनाभराची खोली मिळाली होती, मोरारिया या जुन्या वस्तीत. खाली बांगलादेशी वाण्यांची दुकानं. मसूर, मोहरीचं तेल, हिरव्या मिरच्या, सगळं मिळायचं. कोलकात्याला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना शिकलेली बांगला तिथे मला पोर्तुगीजपेक्षा जास्त उपयोगी पडली. माझी पोर्तुगीज पुस्तकी आहे. पणजीत एका वयस्कर बाईंकडे चार वर्षं जाऊन शिकलेली, व्याकरणात पक्की आणि कानाला जुनाट. मी हॉटेलात तोंड उघडलं की वेटर अदबीनं हसायचे आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे. वीस वर्षं ज्या भाषेची भाकरी खाल्ली, तिच्या गावात तीच भाषा माझ्याशी बोलेना.

त्या महागड्या ठिकाणी जायला कारण होतं. वर्षभरापूर्वी मी अनुवादलेली एक पोर्तुगीज कादंबरी मराठीत आली होती. तिचं नाव इथे देत नाही, कारण या लेखात पुढे जो दोष निघणार आहे तो तिचा नाही, माझा आहे. कादंबरी अलेंतेझु प्रांतातल्या भूमिहीन शेतमजुरांच्या एका घराची. तेजु नदीच्या दक्षिणेला पसरलेला हा प्रदेश गव्हाचा, ऑलिव्हचा आणि बुचाच्या ओक झाडांचा. जमीन मोठ्या जमीनदारांची. बाकीच्यांनी रोजगाराची वाट बघत चौकात उभं राहायचं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायचं. आठ तासांचा दिवस या मजुरांनी 1962 साली भांडून मिळवला. त्याआधी, 1954च्या मे महिन्यात, बालेझांव गावाजवळ मजुरी वाढवून मागणाऱ्या कातारिना एउफेमिया या तरुण कापणीवालीला निमलष्करी दलाच्या अधिकाऱ्यानं गोळ्या घातल्या. ती सव्वीस वर्षांची होती. हुकूमशाही गेली ती 25 एप्रिल 1974ला.

या घरात कादंबरीभर एक पदार्थ शिजतो, खरं तर शिजत नाही, नुसता ओतला जातो. त्याचं नाव असोर्दा. लसूण, कोथिंबीर आणि मीठ खलात ठेचायचं, वर ऑलिव्हचं तेल सोडायचं. पाणी उकळून त्यात असलं तर अंडं फोडून सोडायचं. ते उकळतं पाणी ठेच्यावर ओतायचं आणि त्यात कडक झालेला पाव मोडून टाकायचा. झालं. कोथिंबीर नसेल तर पुदिन्याच्या जातीचा एक रानपाला. युरोपात एवढ्या सढळ हातानं ओली कोथिंबीर वापरणारं दुसरं स्वयंपाकघर मला माहीत नाही, आणि मराठी वाचकाला हा पदार्थ पहिल्याच वाक्यात घरचा वाटेल अशी माझी खात्री होती. असोर्दा हा शब्द मूळ अरबी. त्या धातूचा अर्थ रश्श्यात पाव मोडणं, कुस्करणं. म्हणजे नुसता कुस्करा. ही व्युत्पत्ती मी प्रस्तावनेत मोठ्या हौसेनं घातली होती.

पदार्थ मात्र मी कधी चाखला नव्हता. कादंबरीतले चाळीसेक खाद्यपदार्थ मी शब्दकोशांच्या आणि चित्रांच्या आधारानं मराठीत आणले होते. त्यामुळे लिस्बनच्या एका नावाजलेल्या हॉटेलाच्या मेन्यूत असोर्दा दिसला तेव्हा मी पुढचा विचार केला नाही. सात पदार्थांचं ठरलेलं जेवण, 95 युरो. संपूर्ण कादंबरीचं मला जे मानधन मिळालं, त्यात अशी तीन जेवणं बसली असती. त्यातलं एक मी एकटीनं जेवायला गेले, इस्त्रीची साडी नेसून.

खिडकीतून नदी दिसत होती. एकटीचं टेबल म्हणजे बहुधा खांबाजवळचं असतं, तसंच होतं. बसल्या बसल्या पाव आला. दोन जाड कापं, बकरीच्या दुधाचं लोणी, वाटीभर ऑलिव्ह. पोर्तुगालमध्ये याला कुव्हेर म्हणतात. न मागता टेबलावर येतं आणि खाल्लं तर त्याचे पैसे लागतात. मागितलं नसेल आणि हात लावला नसेल तर पैसे लावता येत नाहीत, असा कायदाच आहे. मला हे ठाऊक होतं. तरी खाल्लं, कारण पाव उत्तम होता. जाड, काळपट सालीचा, आत किंचित आंबूस, दाताला काम देणारा. चावता चावता मला पहिल्यांदा जाणवलं की याला मी मराठीत पाव म्हणते आहे आणि तिथेच काहीतरी चुकतं आहे.

पोर्तुगीज पांव हा शब्द आपल्याकडे येऊन पाव झाला. बटाटा, कोबी, चावी, मेज, घमेलं, पगार हे त्याचेच सोबती. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी 1913 साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो ग्रंथ काढला, तो माझ्या टेबलावर कायम उघडा असतो. गोव्याचा हा माणूस लिस्बनला संस्कृत शिकवत राहिला आणि 1922 साली तिथेच वारला. त्याच्या पुस्तकामुळे मला नेहमी वाटत आलं की पोर्तुगीजमधून मराठीत येणं सोपं, निम्मं सामान आधीच पोचलेलं आहे. पण पोचलेल्या सामानाचा वापर बदलतो. आपला पाव बेकरीतून लादीनं येतो. मऊ असतो, चहाबरोबर किंवा वड्याबरोबर खायचा असतो, आणि घरातलं पीठ संपल्याशी त्याचा काही संबंध नसतो. त्यांचा पांव मोठा, गोल, आठवड्यातून एकदा भट्टी लावून भाजलेला. तो असला की घर चाललं, नसला की नाही. पोर्तुगीजमध्ये उपजीविकेला ‘गान्या-पांव’ म्हणतात. म्हणजे त्यांचा पांव ही आपली भाकरी आहे. शब्द सारखा म्हणून मी पाव लिहिलं आणि भाकरी माझ्या हातून निसटली. हे मला लोणी लावता लावता कळलं आणि जेवणाची सुरुवात थोडी बिघडली.

मग पदार्थ येऊ लागले. काळा एप्रन घातलेली एक मुलगी प्रत्येक बशी ठेवून इंग्रजीत तिची गोष्ट सांगायची. प्रत्येक पदार्थाबरोबर एक आजी येत होती. कुणाची आजी मिन्योची, कुणाची किनाऱ्यावरची. पदार्थ एवढासा आणि आजी भलीमोठी. काल्दु वेर्द हे बटाट्याचं, बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं, सॉसेजची एखादी चकती घातलेलं उत्तरेकडचं सूप. शेतावरून दमून आलेला माणूस ते वाडगाभर पितो. ते आलं देवघरातल्या पंचपात्रीएवढ्या भांड्यात, बटाट्याचा फेस करून, वर तळून कुरकुरीत केलेलं एकच पान. सॉसेजची पूड केली होती, चिमटीनं भुरभुरलेली. चव वाईट नव्हती. पण दोन चमचे संपले आणि आपण काय प्यायलो याचा अंदाज येईपर्यंत भांडं उचललं गेलं.

त्यानंतर तारली. जूनमध्ये, संत अंतोनीच्या सणाला, लिस्बनच्या गल्ल्यांत ही मासळी अख्खी भाजतात आणि पावाच्या कापावर ठेवून हातानं खातात. माशाचं तेल पावात मुरतं, आणि तो पाव शेवटी खायचा असतो. इथे काटा काढलेली बोटभर फीत होती आणि खाली पारदर्शक कुरकुरीत पापुद्रा. तेल मुरायला काही नव्हतंच. खारवलेल्या कॉडचं, म्हणजे बाकल्यावचं, जे काही केलं होतं त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की त्यात खारटपणा नव्हता. आपल्या समुद्रात न मिळणारा मासा उत्तरेच्या समुद्रातून आणायचा, तो टिकावा म्हणून मिठात घालायचा आणि मग त्याच खारट चवीवर पिढ्यान्‌पिढ्या जीव लावायचा, हे पोर्तुगीज खाण्यातलं एक मोठं प्रकरण. ते इथे धुऊन टाकलं होतं.

पाचवी बशी असोर्दाची.

बशी खोलगट, काळी, थंड. मधोमध हिरव्या तेलाचं तळं, ते कोथिंबिरीचं. त्यात अंड्याचा नुसता बलक, कशात तरी मुरवून घट्ट केलेला, चमकदार. शेजारी पावाची कागदासारखी पातळ चकती उभी खोचलेली. लसूण वासापुरती. मुलीनं सांगितलं की आमच्या शेफची आजी अलेंतेझुची, तिच्या घरात काहीच वाया जात नसे, आणि हा पदार्थ म्हणजे त्या आठवणीला वंदन. मग तिनं छोट्याशा किटलीतून चार चमचे कोमट पाणी भोवती ओतलं. ते ओतताना शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं मोबाइलवर चित्रफीत काढली.

मी चकती मोडून तेलात बुडवली. ती भिजेना. तुपात तळलेल्या शेवेसारखी तशीच राहिली. ज्या पदार्थाचं नावच मोडणं आणि भिजवणं, त्यात भिजण्यासारखं काही नव्हतं. मला राग आला. एकट्या बाईला एकट्या टेबलावर येतो तसा, कुणाला सांगता न येणारा. वंदन करायचं तर कराच, पण ज्या घरात काही वाया जात नसे तिथल्या कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भाग कुठे गेला, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. छान आहे म्हणाले. पोर्तुगीजमध्ये म्हणाले, आणि तिनं इंग्रजीत आभार मानले.

पाव संपला होता. पाणी भरणाऱ्या पोराला मी पोर्तुगीजमध्ये आणखी पाव मागितला. तो जरा वाकला आणि हलक्या आवाजात हिंदीत म्हणाला, “दीदी, ब्रेड का अलग लगेगा.”

संध्याकाळभरात माझ्याशी माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. पोरगा नेपाळचा होता, चितवनचा. मी विचारलं, पहिल्या पावाचेही लागले का? म्हणाला, “वो तो लग गया.” आणि हसला. मी म्हटलं, आण. तो आणायला गेला आणि येताना नेहमीपेक्षा एक काप जास्त घेऊन आला. तुम्ही लोक इथे काय जेवता, असं मी विचारलं. “दाल-भात. चार बजे. सब साथ में.” त्या हॉटेलात त्या दिवशी जेवलेली माणसं तीच असावीत.

उरलेले दोन पदार्थ मी सांगत नाही. बिलात पाव दोनदा होता, साडेसहा-साडेसहा युरो. पाणी चार.

चढाच्या रस्त्यानं चालत परतताना आईला फोन लावला. सोलापुरात पहाटेचे साडेतीन झाले असणार हे लक्षातच आलं नाही. आई उठलेलीच होती. वयामुळे तिला झोप लागत नाही.

“जेवलीस का?”

“जेवले. मोठ्या हॉटेलात.”

“पोट भरलं?”

“नाही.”

“मग जेवलीस कसली? कितीला पडलं?”

“तीन हजार,” मी म्हणाले. चाळिशी उलटली तरी काही आकडे आईला खरे सांगता येत नाहीत.

“काय दिलं तीन हजारात?”

मी सांगितलं. लसणीचं पाणी, कोथिंबीर, शिळा पाव, अंडं. तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “अगं, ही तर आमची दुष्काळातली गत. त्याला कुणी तीन हजार देतं व्हय?”

आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, ज्वारीचं कोठार म्हणून नाव. 1972च्या दुष्काळात त्या कोठारात दाणा नव्हता. रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळायची, लालसर; तिची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की दगड व्हायची. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. आई तेव्हा सतरा वर्षांची. दगड झालेली मिलोची भाकरी गरम पाण्यात मोडायची, मीठ आणि असली तर लसणीची पाकळी ठेचून घालायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या घरी मात्र शिळ्या पोळीचा कुस्करा आवडीनं व्हायचा. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वर लिंबू. कॉलेजात असताना पुण्यातल्या मैत्रिणीकडून कळलं की काही घरांत फोडणीच्या पोळीला कौतुकानं माणिकपैंजण म्हणतात. ते ऐकून मी हरखून गेले होते आणि सुटीत घरी आल्यावर आईला सांगितलं होतं. आई स्वतः कुस्करा खात नसे, अजूनही खात नाही. ती म्हणाली होती, “तुला ग्वाड लागतंय, कारन तुझ्यावर ती पाळी आली न्हाई.”

भात खाऊन झाल्यावर मी बॅगेतून माझी कादंबरी काढली, शेजारी मूळ पुस्तक ठेवलं. हॉटेलवाल्यांनी असोर्दाचं काय केलं यावर एक चुरचुरीत लेख लिहावा असं डोक्यात होतं, आणि त्यासाठी पान 61 वरचा उतारा हवा होता. अनुवाद छापून आल्यावर एका वाचकानं मला लिहिलं होतं की त्या पानावर तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. तो संदेश मी फोनमध्ये जपून ठेवला होता. कुणी निराश केलं की तो काढून वाचायची सवय होती.

मुळात त्या जागी आहे ते असं, शब्दाला शब्द ठेवून सांगते. आईनं कडक पाव वाडग्यात मोडला. वर लसणीचं पाणी ओतलं. अंडं एकच होतं. ते बापाला, त्याला पहाटे निघायचं होतं. आम्ही भूक नाही म्हणालो.

आणि मी लिहिलं होतं: आईनं पावाचे तुकडे वाडग्यात पसरले. लसूण-कोथिंबिरीचा घमघमाट घरभर सुटला. उकळत्या पाण्यात सोडलेलं अंडं पिवळंधमक फुललं आणि तिनं ते अलगद बाबांच्या वाडग्यात सरकवलं. त्यांना पहाटे निघायचं होतं. आम्हांला भूक नव्हती.

मी ते दोन-तीनदा वाचलं. घमघमाट माझा. पिवळंधमक माझं. अलगद माझं. कडक हा शब्द मी का गाळला ते आठवलं. कडक पाव म्हटलं की मुंबईकराला ब्रून आठवेल, मस्का आठवेल. आणि शिळा म्हटलं तर शिळ्याला आपल्याकडे जो विटाळ चिकटलेला आहे तो त्या घराला चिकटेल. अडचण खरी होती. तिच्यावर उपाय शोधायचा सोडून मी शब्दच काढून टाकला होता. बापाचे बाबा झाले होते, कारण बाप हा शब्द मला त्या ओळीत जड वाटला. एकच हा शब्दही गेला होता, बहुधा वाक्याच्या लयीसाठी. अंडं एकच आहे हे मराठी वाचकाला कुठेच कळत नाही. त्याला वाटेल, बाबांचं वाढून झालं, आता बाकीच्यांचं वाढायचं.

पण हे सगळं एका बाजूला आणि शेवटचं वाक्य एका बाजूला. मूळ पुस्तकात मुलं भूक नाही *म्हणतात*. माझ्या मराठीत त्यांना भूक नसतेच. एका क्रियापदाचा फरक. मूळ लेखकानं जे खोटं म्हणून लिहिलं, ते मी खरं करून टाकलं होतं. आणि असल्या खोट्याला माझ्या घरात तयार मराठी होती. आजीबद्दल आई नेहमी सांगते की दुष्काळात ती सगळ्यांना वाढून झाल्यावर पदराला हात पुसत म्हणायची, “म्या चुलीपुढंच खाल्लं.” हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं आहे. पान 61 वर बसले तेव्हा ते मला आठवलं नाही. तिथे मी हॉटेलातली मराठी वाढली, काळ्या बशीत.

मग आणखी एक आठवलं. पुस्तक छापून आल्यावर आईनं ते आठवडाभर बसून वाचलं होतं. चष्मा काढून म्हणाली होती, “चांगलं लिवलंयस. पर खाऊनपिऊन बरी दिसत्यात की ही माणसं.” मी हसले होते. आईला परदेशातली गरिबी काय कळणार, असं मनात आलं होतं. लिहायला लाज वाटते, पण तसंच आलं होतं.

एम.ए.ला आम्ही अनुवादात काय हरवतं यावर पानंच्या पानं लिहायचो. दोन संस्कृतींमधली दरी, अनुवादाला न जुमानणारे शब्द. इथे दरी नव्हती. बंगालीत पांता भात आहे, ओडियात पखाळ आहे, आणि या मासिकाच्या बहुतेक वाचकांच्या भाषेत आदल्या दिवशीच्या अन्नाला एक नाव आहे. त्या नावामागे कधीकाळी न जेवलेलं कुणीतरीही आहे. जुमानणारा शब्द समोर होता, घरात होता. मला फक्त तो पुरेसा सुंदर वाटला नव्हता.

दोन दिवसांनी मी बसनं एव्होराला गेले. अलेंतेझुचं हे मुख्य शहर. खरा असोर्दा खाऊन मनातला सल घालवावा असा बेत होता. गावाच्या भिंतीच्या आत एका साध्या खाणावळीत तो मिळाला. वाडगा एवढा मोठा की दोघांत खावा. जाड पाव, नीट भिजलेला, बोटं बुडवावीशी वाटावीत असं हिरवं पाणी, दोन अंडी, वर उकडलेल्या बाकल्यावचा तुकडा. किंमत त्या दोन वेळच्या पावाएवढीच. मी सगळं खाल्लं. चव अगदी माझ्या ओळखीची निघाली, लसूण जरा जास्त. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या पोर्तुगीजला पोर्तुगीजमध्येच उत्तर दिलं. आमच्या लहानपणी यात मासा कुठला, ते म्हणाले, आणि वाइनचा घोट घेतला.

पोट भरलं. सल गेला नाही. मी उगाच समजत होते की महागड्या हॉटेलात खोटा पदार्थ आहे आणि खाणावळीत खरा. खाणावळीतला चांगला होता एवढंच. पान 61 वरचा असोर्दा कुठल्याच मेन्यूत मिळणार नव्हता. एव्होराच्या त्या खोलीत कुणी भूक नाही असं खोटं सांगत नव्हतं, आणि तसं कुणी सांगू नये हेच बरं. त्या शेफवर मला रागावता येईना. त्यालाही आजी होती. त्यानं तिच्यातलं दिसायला छान तेवढं बशीत घेतलं, मीही तेच केलं. फरक एवढाच की त्यानं 95 युरो घेतले आणि मी कमी.

परत आल्यावर प्रकाशकांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाले. अनुवादित कादंबरीची दुसरी आवृत्ती म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. पाचशे प्रती छापल्या होत्या. शिल्लक किती, विचारलं. दोनशे चौदा.

डिसेंबरात दोन दुपारी मी त्यांच्या गोदामात जाऊन बसले. काळ्या शाईचं बारीक निबाचं पेन नेलं होतं. पान 61 उघडायचं, ‘पसरले’ खोडून ‘मोडले’ करायचं, घमघमाट आणि पिवळंधमक यांवर रेघ मारायची, समासात ‘एकच होतं’ लिहायचं. शेवटच्या वाक्यात ‘भूक नव्हती’ खोडून ‘भूक नाही म्हणालो’. पावाच्या जागी भाकरी लिहावी का, यावर अर्धा तास पेन हातात धरून बसले आणि पावच ठेवला. ते पुस्तकभर बदलावं लागलं असतं, आणि अलेंतेझुत ज्वारी पिकत नाही. ‘कडक’ परत घातलं. मुंबईकराला मस्का आठवला तर आठवू दे, पुढच्याच ओळीत एकच अंडं आहे. गठ्ठे उचलून देणारा पोरगा पहिल्या दिवशी विचारत होता की मॅडम, सह्या करताय का. दुसऱ्या दिवशी त्यानं पान वाचलं आणि काही न विचारता पुस्तकं उघडून पुढे सरकवायला लागला.

दोनशे चौदा प्रती झाल्या. उरलेल्या दोनशे शहाऐंशी विकल्या गेल्या आहेत किंवा वाटल्या गेल्या आहेत, कुठल्या कुठल्या घरांत आणि वाचनालयांत आहेत. त्या प्रतींमधल्या मुलांना अजून भूक नाही.